हललेल्या बाबांचा मोठा फोटो

हरभऱ्याला घाटे धरले की मला केनवडचे वेध लागतात. दिवाळीला माहेरून बोलावणं आलं नाही तरी मी रुसत नाही, आखाडातही वाशीमला सुखानं राहते. पण पौषातल्या थंडीत कोणी हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन बाजारात बसलेलं दिसलं, की घरात माझं लक्ष लागत नाही. भाजीत मीठ दोनदा पडतं. आमचे हे कचेरीतून येतात, पहिला घास घेतात आणि म्हणतात, "दमणी सांगू काय उद्याची?" दमणी म्हणजे माहेरी नेणारी हलकी बैलगाडी. इतक्या वर्षांत त्यांना माझा हा हंगाम चवीवरून ओळखता यायला लागला आहे.

यंदाही आले. पहाटेच नामदेवच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, शेतात गेले. दवानं ओथंबलेल्या हरभऱ्यावरून बाया पांढरी फडकी ओढत चालल्या होत्या. ती फडकी पिळली की आंब निघते. ती बाटलीत भरून ठेवायची आणि वर्षभर घरात कोणाचं पोट दुखलं की पाण्यात थेंब थेंब घालून द्यायची. चालताना माझ्या पायांना ती आंब लागली आणि चरचरलं. मला बरं वाटलं. माणसं विसरतील, पण पायांना हरभरा अजून ओळखू येतो. बांधावर कोणीतरी काटक्या पेटवून घाटे भाजत होतं, तिथं बसून काळ्या बोटांनी हुळा खाल्ला आणि उन्हं वर आल्यावर घरी परतले. पाहते तर नामदेवची मुलगी कमळी ओसरीच्या भिंतीवरच्या मोठ्या फोटोला नाक लावून उभी.

"आत्याबाई, आजोबाले तोंडच नाही," ती म्हणाली. "नुसती राख सांडल्यावाणी दिसून राह्यली."

मला हसू आलं. एकदा मीही हेच म्हणाले होते. तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं.

बाबांचा एकच फोटो होता, आणि तोही बाबांचा म्हणून काढलेला नव्हता. वाशीमच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मालकाला हौस आली. कापसाच्या गाड्या घेऊन आलेल्या कास्तकारांना त्यानं ओळीनं उभं केलं आणि बाहेरगावाहून बोलावलेल्या फोटोवाल्याकडून सगळ्यांचा मिळून एक फोटो काढून घेतला. पुढे खुर्च्यांवर मालक आणि त्याचे मुनीम, त्यांच्यामागे दलाल, त्यांच्यामागे कास्तकार. अगदी शेवटच्या ओळीत, उजव्या टोकाला, बाबा. चेहरा तुरीच्या दाण्याएवढा, आणि तोही हललेला. फोटोवाल्यानं 'हलू नका' म्हणून सांगितलं आणि नेमकं तेव्हाच बाजूला बांधलेल्या बैलानं काहीतरी खोडी काढली. बाबांनी तिकडं वळून पाहिलं. बाकीची मंडळी खांबासारखी ताठ, आणि बाबांच्या जागी एक पागोटं, एक वळलेली मान आणि धुरकट गाल. मोठेबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शेजारीच उभे होते. त्यांची मिशी मात्र लख्ख आली होती. फोटो हातात आला की ते दरवेळी म्हणायचे, "सांगतलं होतं त्याले, हलू नको म्हून. आयकलं काय कधी कोनाचं?"

त्यानंतर बाबा फार दिवस राहिले नाहीत. तापाच्या साथीत गेले. मी अगदी लहान होते आणि नामदेव मायच्या पोटात होता. बाबांची म्हणून माझ्याजवळ एवढीच आठवण आहे की कोणीतरी मला खांद्यावर बसवलंय आणि त्या खांद्याला सरकीचा वास येतोय. त्या आठवणीला चेहरा नाही. नामदेवजवळ तर तो खांदाही नव्हता.

माय तो फोटो देवळीत देवांच्या बाजूला ठेवायची. दसऱ्याला, पाडव्याला, पितरांना जेवू घालायच्या दिवशी देवांना गंध लावून झालं की ती बाबांनाही लावायची. आता चेहराच तुरीच्या दाण्याएवढा, त्यात कपाळ ते केवढं! तुळशीची बारीक काडी गंधात बुडवून, श्वास रोखून ती टेकवायची, तरी थेंब पसरून नाकापर्यंत उतरायचाच. मग पदराचं टोक ओलं करून हलकेच पुसायची. असं वर्षानुवर्षं चाललं. बाकीच्या माणसांना कोणी गंध लावत नव्हतं, म्हणून त्यांचे चेहरे शाबूत राहिले. आमच्या बाबांचा मात्र तिच्या मायेनंच झिजत गेला. वाशीमला शेजारणींना हे सांगितलं की त्या तोंडाला पदर लावून हसतात. हसोत बापड्या. आमच्या घरात फोटो ही नुसती पाहायची वस्तू नव्हती.

नामदेवचं लग्न ठरलं त्या सालची ही गोष्ट. माघातली तिथी निघाली होती. असाच हरभऱ्याचा हंगाम, मी असंच माहेरी आलेली. जेवता जेवता नामदेव म्हणाला, "मांडवात बाबा पायजे. निंगताना मी कोनाच्या पाया पडू?"

"मी हावो ना," मोठेबा म्हणाले.

"तुमी तं हाच. पन बाबा पायजे."

मोठेबा रागावले नाहीत. ताकाची वाटी त्यांनी उगीच फिरवली. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. एवढ्यावर तो विषय संपलाही असता, पण मी मध्ये तोंड घातलं. वाशीमला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, करीमभाई फोटोवाल्यांचं दुकान होतं. लहान फोटोचा मोठा करून मिळतो हे मला माहीत होतं. "जिनाचा फोटो द्या, मी बाबायले मोठं करून आनतो," असं मी सांगूनच टाकलं.

नामदेवसाठी, हे खरंच. पण मलाही हवा होता. माझं नाक मायसारखं नाही. सासरी कोणी विचारलं, की बाई, कोणावर गेलीस, तर मला सांगता यायचं नाही. मोठ्या फोटोत ते दिसेल अशी माझी पक्की समजूत होती. लहान फोटोत जे मुळात नाही ते मोठ्यात कुठून येणार, हा साधा प्रश्न मला सुचला नाही आणि घरात दुसऱ्या कोणालाही नाही. आम्हाला वाटायचं की फोटोत सगळं असतंच, फक्त बारीक असतं. दूरच्या वाटेवरून येणारा माणूस जवळ आला की त्याचे डोळे, नाक, मिशी दिसायला लागते, तसे बाबा दिसायला लागतील.

मायनं फोटो धुतलेल्या फडक्यात बांधून दिला. दमणीत बसताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मोठा होवो नाही तं न होवो, हा वापस आनजो बाई."

करीमभाई उंच, सडपातळ आणि बोलघेवडे. दुकानात एक रंगवलेला पडदा होता. त्यावर महाल आणि महालापुढे कारंजं. वाशीमची निम्मी लग्नाळू मंडळी त्या कारंज्यापुढे उभी राहिली असतील. त्यांनी भिंग घेतलं आणि बाबांच्या टोकाशी वाकून बराच वेळ पाहिलं.

"बाई, इथी तं कोनं अंगठा टेकवल्यावानी दिसते."

मी गंधाची हकीकत सांगितली. त्यांनी स्वतःच्याच कपाळाला हात लावला. "या अल्ला! मोठा केला का हा डाग बी मोठा होईन. माणूस वाढते तसा डाग बी वाढते." मग त्यांनी विचारलं, की याची काच कुठे आहे? काच म्हणजे मूळ फोटो ज्या काचेवर उतरतो ती. "काच असती तं फिकर नव्हती. काचेत लय बारीक बारीक राह्यते, कागदात तेवढं नाही राहत. आता पयले या कागदाची काच करा लागन, मंग त्या काचेवरून मोठा कागद. इहिरीतून घागर भरली, घागरीतून गडवा. दर खेपेले थोडं सांडतेच."

तो बाहेरगावचा फोटोवाला कोण, कुठला, जिनात कोणालाच सांगता आलं नाही. काच गेली ती गेलीच.

"जाऊ द्या," करीमभाई म्हणाले. "जे सांडन ते मी हातानं भरतो. माह्या हातात जादू हाय, जादू."

दुकानात वीज कुठली! ते उन्हावर फोटो मोठा करत. मागची खोली अंधारी, तिच्या भिंतीला एक भोक, भोकाबाहेर आरसा. आरशावरून ऊन आत यायचं, उन्हाच्या वाटेत काच आणि भिंग ठेवलेलं, आणि समोरच्या भिंतीवर चित्र पडायचं. कागद टाचायच्या आधी त्यांनी मला बोलावून दाखवलं. पांढऱ्या भिंतीवर उलट्या रंगाचे बाबा. पागोटं काळं, सावली पांढरी. करीमभाई भिंग मागे सारायचे, पुढे आणायचे. चित्र मोठं व्हायचं तसतसं पुसट व्हायचं, लहान केलं की जरा घट्ट व्हायचं. "बोला, किती मोठं पायजे?" त्यांनी विचारलं. मला दोन्ही हवं होतं, मोठंही आणि घट्टही. एवढे मोठे बाबा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

आणि दुसऱ्याच दिवशी आभाळ आलं. ऐन पौषात, काही कारण नसताना. ऊन नाही तर फोटो नाही. केनवडहून बाजाराला आलेला माणूस निरोप आणायचा की हरभऱ्यावर घाटेअळी पडली, आणि जाताना विचारायचा, "फोटोचं काय म्हून सांगू?" मी रोज सकाळी उठून आधी अंगणात जायची, वर पाहायची आणि तोंड पाडून आत यायची. ढग हटेनात. एकुलता एक जुना फोटोही करीमभाईंच्या अंधाऱ्या खोलीत अडकलेला. तिथे ओल आली तर, उंदीर लागला तर, अशा शंका मला भाकरी भाजताना यायच्या आणि भाकरी करपायची.

शेवटी आभाळ निवळलं आणि करीमभाईंचं बोलावणं आलं. त्यांनी आधी जुना फोटो माझ्या हातात ठेवला, जसाच्या तसा. माझा निम्मा जीव तिथेच भांड्यात पडला. मग त्यांनी मोठ्या फोटोवरचं कापड बाजूला केलं.

काय देखणा गृहस्थ होता! मिशी टोकदार, भुवया कोरलेल्या, कपाळ स्वच्छ, अंगात कोट आणि कोटाच्या गुंड्या एकेक मोजून घ्याव्यात. मान जराशी वळलेली, पण डोळे मात्र थेट माझ्याकडे. कितीही जवळ जा, केस न् केस स्पष्ट. काळ्या चुऱ्यानं आणि बारीक कुंचल्यानं करीमभाईंनी सांडलेलं सगळं भरलं होतं. मी हरखून गेले. नाकही मला माझ्यासारखं वाटायला लागलं. माणसाला जे पाहायचं असतं ते दिसायला कितीसा वेळ लागतो!

घरी मोठेबांनी पाहिल्याबरोबर मांडीवर थाप मारली. "वा! मामलेदार दिसते, मामलेदार!" नामदेव नुसता पाहत राहिला. माय पदरानं हात पुसत आली. जवळून पाहिलं. वाकून पाहिलं. मग माझ्याकडं पाहून हळूच विचारलं, "हा कोन व्हय?"

"माय, बाबा व्हय ना."

"नाही."

"अवं, नीट पाय."

"पाह्यलं. त्यायच्या आंगावर कोट कधी होता? अन् हा पाय कसा थिर उभा हाय. ते कधी थिर उभे राह्यले?" एवढं बोलून ती दाराआड गेली.

मोठेबांनी समजूत घातली. फोटोत माणसाला थोडं चांगलंच दाखवावं लागतं, पाहुण्यांमध्ये शोभलं पाहिजे, मिशी कोणाची का असेना. जेठापुढे माय कधी बोलत नसे. त्या दिवशी दाराआडून तिचा आवाज आला. "परक्या माणसाले मी माह्या लेकाच्या मांडवात नाही बसवणार. बिना बापाचा गेला तरी चालन."

मला मायचा राग आला होता. एवढा खटाटोप, एवढे ढग, एवढी धाकधूक, आणि ही म्हणते हा कोण! मी तिला तावातावानं विचारलं, "मंग सांग ना कसे होते ते. नाक कसं होतं?"

ती ज्वारी पाखडत होती. "नाक कोन पाहे बाई? घरात सासू-सासरे, जेठ. ते गाडी घेऊन अंगनात आले का मी पदर घेऊन दाराआड. तिथूनच दिसाचे. जू उतरवाचे, बैलाले हाक माराचे, मंग हातपाय धुवाचे." सूप झटकून म्हणाली, "दिवसाउजेडी समोरासमोर उभी राह्यल्याचं मले तं याद नाही."

मला तेव्हा तिची कीव आली. आपला नवरा जिला जवळून पाहता आला नाही, ती ओळखणार तरी कशी, असं मी मनातल्या मनात म्हटलं. पण खरी भीती निराळीच होती. डोळे मिटले की मला आता तो कोटवाला दिसायला लागला होता. तुरीच्या दाण्याएवढे, धुरकट, पण आपले असे जे बाबा माझ्याजवळ होते, त्यांच्यावर हा माणूस येऊन बसला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. मोठे करायला गेले आणि होते तेही घालवून बसले, असं मला वाटायला लागलं. सरकीचा वास आठवावा म्हणून मी मुद्दाम कापसाच्या ढिगापाशी जाऊन बसत असे.

लग्न तोंडावर आलेलं. मी कोटवाल्याला घेऊन पुन्हा वाशीमला गेले. मायचं म्हणणं ऐकून करीमभाई आधी चिडले. मग चहा मागवला. मग खाली पाहून म्हणाले, "बाई, तुमच्या मायचं बी बरोबर हाय. सांडलं ते मी भरलं, पन माह्याच घागरीतून भरलं. मी तुमच्या बाबायले पाह्यलं कुठी?" कोपऱ्यातून त्यांनी कागदाची एक गुंडाळी काढली. "हे कच्चं. हात लावाच्या पयले काढून पाह्यलं होतं. कोनाले दाखवाची बी शरम वाटते."

मी उलगडून पाहिलं. राखेचे ठिपके. कुठं दाट, कुठं विरळ. मध्यभागी रुपयाएवढा काळा डाग, तो मायच्या गंधाचा. डोळा कुठला, गाल कुठला, काही कळेना. "याच्यात तं मानूसच नाही," मी म्हणाले. "नाहीच," करीमभाई म्हणाले. तरी मी ती गुंडाळी घेतली. रिकाम्या हातानं जायचं जिवावर आलं होतं, एवढंच.

केनवडला पोचले तेव्हा दुपार कलत होती. मोठेबा शेतात होते. माय चुलीपुढे बसून ओल्या काड्या फुंकत होती. तिला मी काही सांगितलं नाही. पुन्हा 'हा कोन' ऐकायची माझी तयारी नव्हती. अंगणात नामदेव बैल बांधत होता, त्याच्या हातात गुंडाळी दिली. कागद उलगडला की पुन्हा गुंडाळून जाई. शेवटी त्यानं बाभळीचे काटे मोडून आणले आणि गाडीच्या बाजूच्या बांबूच्या तट्ट्यावर चारी कोपरे टोचून कागद ताणून बसवला. नाक लावून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे तं राखच हाय."

मी स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत येऊन टेकले होते. थकले होते, मला काही पाहायचंही नव्हतं. तेवढ्यात एका बैलानं मान लांबवून कागदाचा कोपरा हुंगला. नामदेव मान वळवून त्याच्यावर ओरडला, "हो! हो!" आणि मी तिथल्या तिथे ताठ झाले.

दोन माना एकसारख्या वळल्या होत्या. एक नामदेवची आणि एक त्या कागदावरची. राख कुठेच नव्हती. अंगणाच्या त्या टोकाला, गाडीपाशी, पागोटं घातलेला एक माणूस बैलाकडं वळून पाहत होता. गाल होता, कान होता, खांदा जरा खाली झुकलेला होता. कपाळावरचा तो डाग डाग राहिला नव्हता, आंघोळ करून लावलेलं ठसठशीत गंध झाला होता. नाक दिसत नव्हतं. मला त्या नाकाची आठवणसुद्धा झाली नाही.

मायला हाक मारायला मी मागं वळले. तिचं आधीच दाराबाहेर लक्ष गेलं होतं. चूल फुंकताना पदर खांद्यावर घसरलेला. घरात आम्ही पोटची दोघंच, सावरायचं कारण नव्हतं. फुंकणी तिच्या हातात तशीच राहिली. मग तिचा दुसरा हात हळूच वर आला, तिनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला, आणि बसल्या जागेवरून सरकत ती दाराआड झाली.

चूल धुमसत होती. थोड्या वेळानं दाराआडून तिचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "बाई गं! म्या पदर कायले घेतला?"

आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा हसली. मीही तेच करत होते. किती दिवसांची भीती होती ती, अशी एका झटक्यात उतरली. नामदेव बिचारा धावत आला. त्याला वाटलं कोणाला विंचू चावला. मी त्याला धरून चुलीपुढे बसवलं आणि त्याचं तोंड अंगणाकडं केलं. तो पाहत राहिला. जन्मात पहिल्यांदा तो बापाला पाहत होता.

"बैलाले पाहून राह्यले, नाही?" त्यानं विचारलं.

"हव. ढवळ्याले," माय दाराआडून म्हणाली. "तो खोडीच काढे लय."

तिची कीव करणारी मी, आता मला माझीच गंमत वाटते. जवळून पाहिलं नाही म्हणून ती ओळखणार नाही असं मी धरून चालले होते. तिनं त्यांना जितक्या अंतरावरून पाहिलं, तितक्या अंतरावर तो फोटो चोख होता. दोन हात पुढं आलं की राख. फोटो मोठा झाला की त्याच्यापासून आपणही तितकंच लांब जायचं असतं, हे करीमभाईंना कदाचित ठाऊक असेल, पण त्यांचं दुकानच एवढं लहान, की मागं सरायला जागाच नव्हती.

लग्नात बाबा मांडवात होते. बोहल्याजवळ नाही, पार टोकाला, जिथं गाड्या सोडल्या होत्या त्या बाजूच्या खांबाला त्यांना बांधलं होतं. पाहुणे जवळ जाऊन डोळे बारीक करायचे आणि परत यायचे. मोठेबा कुरकुरले, "लोकायले काहीच दिसत नाही." माय म्हणाली, "लोकायले कायले दिसा लागते?" नामदेवनं दुरूनच, अख्खा मांडव मध्ये ठेवून, जमिनीला डोकं टेकलं. तेव्हा मोठेबा माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी त्या खांबाकडं पाहिलं आणि एकदम माझा दंड धरला. "हलला, पोरी. हलला तो हललाच." आणि उपरण्यानं त्यांनी डोळे पुसले.

कोटवाला गृहस्थ करीमभाईंनी दुकानात दर्शनी लावला होता. पुष्कळ वर्षं गिऱ्हाइकं त्याच्याकडं बोट दाखवून 'असा करून द्या' म्हणत. जाता येता त्याची आणि माझी नजरानजर व्हायची. राग नव्हता राहिला. कोणाचाच नसलेला माणूस तो, पण दिसायला चांगला होता.

आता मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. नातवंडं तिला आवाजावरून ओळखावी लागतात, सुई ओवता येत नाही, हरभऱ्याच्या डाळीतला खडा दिसत नाही. मला पायरीवर पाहून यंदा तिनं विचारलं, "कोन व्हय?" मला गलबलून आलं. पण चुलीपुढची जागा ती सोडत नाही. सून स्वयंपाक करते आणि ही बाजूला पाटावर बसून अंगणापलीकडच्या ओसरीकडं, त्या फोटोकडं, तोंड करून राहते. सगळी माणसं तिच्यापुढं एकेक करून धुरकट झाली. बाबा तेवढे आहेत तसे आहेत. ते पहिल्यापासून तिला तसेच दिसत आले.

कमळीला मी स्वयंपाकघराच्या पायरीवरून सांगत होते, की पोरी, मागं ये, आणखी मागं, माझ्याजवळ ये म्हणजे तोंड दिसेल. ती ऐकेना. टाचा उंचावून, दोन्ही हात भिंतीला लावून ती आजोबांचे डोळे शोधत होती. तेवढ्यात आतून, चुलीपासून, मायचा आवाज आला.

"कोन उभं हाय वं तठी? सरक बाजूले. ते दिसून नाही राह्यले मले."